बारा सेकंदांचे उड्डाण

पक्ष्याप्रमाणे पंख पसरून आकाशात विहार करावा, ही मनुष्याची फार जुनी आकांक्षा आहे. रामायणातील पुष्पक विमान, ग्रीकांच्या कथेतील मेणाचे पंख लावून उडणारा इकारस, ही त्याच आकांक्षेची रूपे होत. परंतु आकांक्षा आणि सिद्धी यांच्यामध्ये हजारो वर्षे लोटली. अखेर ही सिद्धी मिळवली ती अमेरिकेतील डेटन या गावी सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी. त्यांची नावे विल्बर राइट आणि ऑर्व्हिल राइट.

विल्बरचा जन्म १८६७ साली आणि ऑर्व्हिलचा १८७१ साली झाला. वडील मिल्टन राइट हे धर्मोपदेशक होते. घरात पुस्तकांना तोटा नव्हता. आई सुझन हिचा हात हत्यारांवर चांगला बसलेला होता. १८७८ साली वडिलांनी प्रवासाहून परत येताना मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते केलेले असून रबराच्या पिळाने त्याचे पंखे फिरत. ते हातातून सोडताच खाली न पडता छताकडे झेपावले! मुलांनी त्याचे नाव 'वटवाघूळ' ठेवले. ते लवकरच मोडले. तेव्हा दोघांनी तसेच दुसरे तयार केले. मात्र आकार वाढवला की ते उडेनासे होते, असे त्यांना आढळले. असे का व्हावे, हे कोडे त्या वयात त्यांना सुटले नाही.

दोघांपैकी एकानेही महाविद्यालयाचे शिक्षण घेतले नाही. प्रथम त्यांनी छापखाना चालवला आणि १८९२ साली सायकलींचे दुकान काढले. याच सुमारास जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल हा अभियंता इंजिन नसलेले पंख अंगाला अडकवून टेकड्यांवरून वाऱ्यावर तरंगत असे. त्याने सुमारे दोन हजार वेळा अशी झेप घेतली होती. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका झेपेत त्याचा तोल गेला, तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. या वार्तेने राइट बंधूंचे मन अस्वस्थ झाले. बालपणीचे कोडे पुन्हा जागे झाले. १८९९ साली विल्बरने वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहून विमानविद्येवरील साहित्य मागवले आणि दोघे भाऊ अभ्यासाला लागले.

त्या काळी बहुतेक संशोधकांचे लक्ष शक्तिमान इंजिनाकडे होते. राइट बंधूंनी मात्र वेगळाच विचार केला. सायकल चालवणाऱ्याला प्रथम काय शिकावे लागते? तोल सांभाळणे. मग आकाशात, जेथे वारा क्षणोक्षणी पालटतो, तेथे तोल सांभाळण्याची विद्या किती आवश्यक असली पाहिजे! लिलिएन्थाल आपले शरीर इकडेतिकडे झुकवून तोल राखी. पण तेवढ्याने भागले नाही. विल्बर पक्ष्यांचे उड्डाण निरखू लागला. तोल जाऊ लागला की पक्षी पंखांची टोके किंचित पिळतो, हे त्याच्या ध्यानात आले. परंतु लाकडाचे आणि कापडाचे पंख पिळावे कसे? एके दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या हातांनी एक पुठ्ठ्याची लांबट रिकामी खोकी सहज पिळली गेली. तिची दोन टोके परस्परविरुद्ध दिशांना वळली, पण खोकी मोडली नाही. विल्बरला हवे होते ते सापडले. दोऱ्यांच्या साहाय्याने दुहेरी पंखही असेच पिळता येतील!

प्रयोगासाठी त्यांनी उत्तर कॅरोलायना राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील किटी हॉक हे ठिकाण निवडले. तेथे वारा जोराचा आणि सतत वाहणारा होता, आणि पडले तरी खाली मऊ वाळू होती. १९०० साली त्यांनी तेथे आपले पहिले बिनइंजिनाचे विमान उडवून पाहिले. १९०१ साली अधिक मोठे विमान नेले. पण काय आश्चर्य! गणिताने जेवढा भार पंखांनी उचलावयास हवा होता, त्याच्या एकतृतीयांश भारही ते धड उचलीनात. पंख पिळले असता विमान कधी कधी भलत्याच दिशेला वळे. दोघे भाऊ खिन्न होऊन घरी परतले. आपल्या हयातीत तरी मनुष्य उडणार नाही, असे विल्बरला वाटू लागले.

याच ठिकाणी त्यांची खरी परीक्षा झाली. त्यांचे गणित बिनचूक होते. ज्या कोष्टकांवर ते आधारलेले होते, ती कोष्टके नामांकित विद्वानांची होती. मग चूक कोणाची? एखादा दुसरा असता, तर 'आपण साधे कारागीर, विद्वानांची चूक काढणारे आपण कोण?' असे म्हणून त्याने हा नाद सोडून दिला असता. राइट बंधूंनी विद्वानांचा अनादर केला नाही. पण त्यांचा शब्द पारखून घेण्याचे ठरवले. दुकानाच्या माडीवर त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली. तिच्या एका तोंडाशी पंखा बसवून आतून वाऱ्याचा झोत सोडला. करवतीची जुनी पाती आणि सायकलीच्या चाकांतील तारा यांपासून नाजूक तराजू तयार केले. त्यांवर पत्र्याचे चिमुकले पंख बसवून कोणता पंख किती भार उचलतो, हे ते मोजू लागले. १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी निरनिराळ्या आकारांचे सुमारे दोनशे पंख तपासले. वाऱ्याच्या दाबासंबंधी शंभर वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानलेला एक आकडा वास्तविकापेक्षा सुमारे दीडपट मोठा आहे, असे त्यांना आढळून आले.

या नव्या आकड्यांवरून बांधलेले १९०२ चे विमान वाऱ्यावर सहज तरंगले. त्याला मागील बाजूस हलते सुकाणू जोडताच वळण्यातील दोषही नाहीसा झाला. त्या शरदात दोघांनी शेकडो वेळा उड्डाण केले. आता उरले होते ते इंजिन. हवे तसे हलके इंजिन विकत मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत ते तयार केले. त्याची शक्ती बारा अश्वशक्तींची होती. विमान पुढे ढकलणारे पंखे कसे असावेत, याचा आधार कोठे सापडेना. 'पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच होय,' असे मानून त्यांनी त्याचेही गणित नव्याने मांडले. इंजिनाची गती त्या पंख्यांपर्यंत पोहोचवली ती मात्र सायकलीसारख्या साखळ्यांनी!

१९०३ चा डिसेंबर उजाडला. ८ डिसेंबरला सॅम्युअल लँग्ली या थोर शास्त्रज्ञाचे विमान, सरकारने पन्नास हजार डॉलर देऊनही, पोटोमॅक नदीत कोसळले होते. राइट बंधूंचा सारा खर्च हजार डॉलरांच्या आत होता. १४ तारखेला प्रथम कोणी उडावे, हे ठरवण्यासाठी त्यांनी नाणे उडवले. कौल विल्बरचा लागला. पण विमानाचे तोंड फार वर उचलले गेल्यामुळे ते लगेच वाळूत आपटले. किरकोळ मोडतोड झाली. ती दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले.

१७ डिसेंबर रोजी सकाळी कडाक्याची थंडी होती. डबक्यांतील पाणी गोठले होते. ताशी वीस मैलांहून अधिक वेगाने वारा वाहत होता. पाहण्यास अवघी पाच माणसे हजर होती. साडेदहाच्या सुमारास ऑर्व्हिल विमानाच्या खालच्या पंखावर पालथा झोपला. लाकडी रुळावरून विमान सरकू लागले. विल्बर पंखाचे टोक धरून बाजूने धावत होता. पाहता पाहता विमान रुळावरून उचलले गेले! बारा सेकंदांत एकशे वीस फूट जाऊन ते वाळूवर उतरले. यंत्राच्या बळावर, माणसाच्या ताब्यात राहून, जड विमानाने केलेले ते पहिले उड्डाण होय. त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बरने एकोणसाठ सेकंदांत ८५२ फूट अंतर काटले. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने विमान उलथून मोडून टाकले. पण काम सिद्ध झाले होते.

जगाचा मात्र या वार्तेवर विश्वास बसेना. दोघांनी वाद घातला नाही; आपले विमान सुधारण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. १९०५ साली डेटनजवळच्या एका कुरणावर विल्बर सलग चोवीस मैल उडाला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे त्याने हजारोंसमक्ष आकाशात घिरट्या घातल्या, तेव्हा शंका घेणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पण पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ऑर्व्हिलच्या विमानाचा पंखा मोडून ते कोसळले. त्यात टॉमस सेल्फ्रिज हा तरुण लष्करी अधिकारी प्राणास मुकला आणि ऑर्व्हिल जबर जखमी झाला. बहीण कॅथरिन शिक्षिकेच्या कामावरून रजा घेऊन त्याच्या उशाशी बसली. बरा होताच ऑर्व्हिल पुन्हा विमानात चढला.

दोघेही एकाच अपघातात जाऊ नयेत, म्हणून वडिलांनी त्यांना एकत्र उडण्यास मना केले होते. २५ मे १९१० रोजी त्यांनी ही बंदी एकदाच उठवली. त्याच दिवशी एक्याऐंशी वर्षांचे मिल्टन राइट ऑर्व्हिलच्या शेजारी विमानात बसले. वृद्ध पिता भिईल, असे वाटत असतानाच ते मुलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आणखी वर, ऑर्व्हिल, आणखी वर!"

विमानविद्या खरोखरच आणखी वर जात होती. १९०९ साली फ्रान्सच्या लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. १९११ साली अलाहाबादहून नैनी येथे विमानाने टपाल गेले. १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान मुंबईत जुहू येथे उतरवले. २०२१ साली तर मंगळ ग्रहावर एक चिमुकले यंत्र उडाले. त्यावर राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील कापडाचा एक लहानसा तुकडा लावलेला होता.

विल्बर १९१२ साली आणि ऑर्व्हिल १९४८ साली मरण पावला. त्यांचे पहिले उड्डाण अवघ्या बारा सेकंदांचे. पण त्या बारा सेकंदांमागे चार वर्षांचे श्रम होते. अपयश आल्यावर त्यांनी दैवाला बोल लावला नाही. चूक कोठे आहे ते शोधले आणि स्वतःच्या हातांनी मोजून पाहिले. मनुष्याच्या पंखांना बळ आले ते या वृत्तीमुळे.

स्वाध्याय

१. 'वटवाघूळ' या खेळण्याने राइट बंधूंच्या मनात कोणते कोडे निर्माण केले?
२. पुठ्ठ्याच्या खोकीवरून विल्बरला काय सुचले?
३. १९०१ च्या अपयशानंतर दोघा भावांनी काय केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
४. 'विद्वानांचा शब्द पारखून घेणे म्हणजे त्यांचा अनादर करणे नव्हे.' या विधानाविषयी तुमचे मत दहा ओळींत लिहा.