चुलीचा धूर आणि कर्करोग

धुराने डोळे चुरचुरतात व खोकला येतो, हे मुरुडच्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु त्याच धुरात कर्करोगास कारण होणारी द्रव्येही असतात, हे तितके ठाऊक नाही. विद्यार्थिमित्रहो, प्रस्तुत लेखात आपण त्याचाच विचार करू.

ही गोष्ट प्रथम उजेडात आली ती लंडन शहरी. लहानपणापासून धुराडी झाडणाऱ्या पुरुषांस त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो, व त्याचे मूळ अंगास चिकटणाऱ्या काजळीत आहे, असे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखवून दिले. पुढे १९१५ साली जपानात यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांस दगडी कोळशाचे डांबर महिनोन् महिने लावून कर्करोग उत्पन्न केला. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हे अपायकारक द्रव्य वेगळे काढले.

हे द्रव्य लाकडाच्या धुरातही असते. लाकूड ओले असले किंवा हवा अपुरी पडली, म्हणजे ते धुमसते. मग अर्धवट जळलेल्या कार्बनचे अणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांची कडी बनतात. बेंझोपायरीनमध्ये अशी पाच कडी असतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून बाहेर टाकण्यासाठी शरीर त्यात फेरफार करते. त्या खटपटीत बनलेले एक रूप पेशीतील आनुवंशिक द्रव्यास, म्हणजे डीएनएस, चिकटून त्यात बिघाड करते. बिघडलेली पेशी अनावर वाढू लागली, म्हणजे कर्करोग झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निर्णयानुसार घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर हे कर्करोगाचे निश्चित कारण होय, व लाकडाचा धूर हे संभाव्य कारण होय. याचा अर्थ चूल पेटविणाऱ्या प्रत्येकीस हा रोग होतो असा नव्हे. धूर किती व किती वर्षे छातीत गेला, यावर धोका अवलंबून असतो. तंबाखूच्या धुराचा धोका याहून पुष्कळ मोठा आहे. परंतु विडी ओढणारा ती आपखुशीने ओढतो, आणि चूल फुंकणाऱ्या माउलीस मात्र तिची इच्छा कोणी विचारीत नाही.

यावर उपाय आहेत. मुरुड हे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे गाव. त्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापिलेल्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने सुधारलेल्या चुली व खरकट्यापासून ज्वलनवायू देणारी लहान संयंत्रे प्रचारात आणली. ज्यांच्या घरी गॅस आहे, त्यांनी न्हाणीच्या चुलीकडेही लक्ष द्यावे. सोडणे व झावळ्या पुरत्या वाळल्यावाचून जाळू नयेत. पेटवणासाठी प्लास्टिकची पिशवी मुळीच वापरू नये, कारण काही प्लास्टिकांच्या धुरातून डायॉक्सिन नामक आणखी विषे निघतात. चुलीस धुराडे असावे, खिडकी उघडी ठेवावी, व तान्ह्या मुलास घेऊन धुरात बसू नये.

पालकांस आमची विनंती एवढीच की, घरात खर्चाचा विचार कराल तेव्हा धुराडे व गॅस यांस मागे ठेवू नये. आणि मुलांनो, पावसापूर्वी वाळकी लाकडे पडवीत रचून ठेवणे हे तुमच्या हातचे काम आहे. तेवढ्याने तुमच्या आईच्या छातीत जाणारा धूर खात्रीने कमी होईल.