घडीच्या साईटचा पळता झिरो

लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या रेड डॉट साईटची बॅटरी ऐन वेळी संपलीच तर हाताशी असावी, म्हणून रायफलीवर बसवलेली घडीची साईट एरवी आडवीच पडलेली असते. गरज पडली की बोटाने उभी करायची आणि नेम धरायचा. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी अभियंत्याने आपल्या एआर-१५ रायफलीवर अशी पुढची-मागची जोडी बसवली, १०० मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवली, आणि खुशीत घरी गेला. पुढच्या खेपेला सगळ्या गोळ्या डावीकडे खाली. साईटचा नॉब फिरवून त्याने त्या मध्यावर आणल्या, तर त्यानंतरच्या खेपेला त्या उजवीकडे पळाल्या.

आधी संशय गेला काडतुसांवर. तो अगदीच अनाठायी नव्हता. ५५ ग्रेनची गोळी आणि ७७ ग्रेनची गोळी एकाच रायफलीतून एकाच जागी लागतील याची खात्री नसते, म्हणून तपासणीपुरती तरी काडतुसे एकाच खोक्यातली हवीत. तशी ती घेऊनही झिरो सरकलाच. शेवटी रेंजवरच्या एका जाणत्या नेमबाजाने त्याला नॉब सोडून जुने कागदी टार्गेट पुढे मांडायला लावले. छिद्रे कागदभर विखुरलेली असतील तर नेमबाज, नळी किंवा काडतूस यांच्याकडे बघायचे. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा झुपका, घट्ट आहे, पण अख्खा ग्रुपच जागा बदलतोय, तर मात्र रायफलीवर काहीतरी हलते आहे. अभियंत्याचे ग्रुप घट्ट होते.

हलते म्हणजे किती? दोन साईटमधले अंतर ४० सेंटीमीटर धरा. त्यातली एक ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीएवढी, बाजूला सरकली तर १०० मीटरवर गोळी अडीच सेंटीमीटर दूर जाते. डोळ्याला हे सरकणे दिसणारच नाही.

झिरो पळाला की नॉबकडे हात जाणे स्वाभाविक आहे, आणि कधीकधी दुसरा इलाजही नसतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राची गोळी चक्क ४ च्या वर्तुळात गेली होती. हाताशी होती जेमतेम काही मिनिटे. त्याने साईट जुळवून घेतली आणि शेवटची गोळी १०.८ ची मारून सुवर्ण जिंकले. रविवारच्या नेमबाजावर अशी घाई कुणीच लादलेली नसते. त्याने कारण न शोधता नॉबचे क्लिक मोजत बसणे म्हणजे काडतुसांचा चुराडा, दुसरे काही नाही.

शोध साईट रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीला, म्हणजे रेलला, धरून ठेवणाऱ्या पकडीपासून सुरू करावा. पिकॅटिनी रेलचे अमेरिकी लष्करी मानक १९९५ चे. त्यातली खाच ५.२३ मिलिमीटर रुंद. जुन्या वीव्हर पद्धतीची खाच ४.५७ ची, त्यामुळे तिच्या मापाचा पकडीचा आडवा दांडा पिकॅटिनीत सैल बसतो. रायफल धक्क्याने मागे येते, साईट जडत्वाने जागीच राहू बघते, म्हणजे रेलवर ती पुढे सरकू पाहते. म्हणून कसण्यापूर्वीच साईट नळीच्या दिशेने पुढे दाबून धरायची, स्क्रूवरचे तेल पुसायचे आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच थांबायचे. नंतर स्क्रू आणि रेल यांवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढली की पुढे काही सरकले तर ती तुटलेली दिसते.

अभियंत्याच्या रायफलीत मागची साईट निर्दोष निघाली. पुढची मात्र नळीभोवतीच्या हँडगार्डवर होती, आणि हाताने पिळल्यावर तो हँडगार्डच किंचित फिरत होता. बाकावर वाळूच्या पिशवीचा दाब एकीकडे, उभ्याने मारताना पट्ट्याचा ताण दुसरीकडे; मग झिरो जागेवर राहणार कसा? हँडगार्ड नळीच्या नटवर घट्ट बसवल्यावर निम्मा त्रास गेला. साईट नळीवरच्या गॅस ब्लॉकवर न्यावी असेही मनात येते, पण ती प्लॅस्टिकची असेल तर तिथली उष्णता तिला सोसत नाही.

उरलेला निम्मा त्रास बिजागरीत होता. साईट उभी करून बोटाने हलके डावी-उजवीकडे दाबली की खेळ जाणवतो. खरी परीक्षा कागदावर: पाच गोळ्या, साईट दुमडणे, उभी करणे, पुन्हा पाच गोळ्या, त्याच टार्गेटवर. दोन ग्रुप वेगळे पडले तर बिजागरी दोषी. न दुमडता मारलेले ग्रुप एकमेकांवर पडत असतील तर ही शंका पक्कीच.

दोन बारीक गोष्टी सहज निसटतात. पुढच्या साईटमधल्या नेमाच्या काटीची खिट्टी खाचेत नीट बसलेली नसेल तर काटी गोळीगणिक फिरते. आणि मागच्या साईटला लहान-मोठी दोन भोके असतील तर झिरो एकावर करून नेम दुसऱ्यातून धरला जातो. काही बनावटींत दोन्ही भोके एका उंचीवर नसतात.

पकड, हँडगार्ड आणि काटी पक्की असूनही बिजागरी डुगडुगत असेल, तर पिन घरी ठोकून घट्ट करण्याच्या फंदात पडू नये. साईट कंपनीकडे परत पाठवावी किंवा दुसरी घ्यावी, आणि नवीवरही दुमडण्याची परीक्षा पहिल्याच दिवशी उरकावी.