उशिरा उचललेले पाऊल

प्रास्ताविक

'आता शिकण्याचे वय राहिले नाही', असे वाक्य अक्षरांच्या बाबतीत जसे ऐकू येते, तसेच शरीराच्या बाबतीतही. तिशी ओलांडल्यावर धावण्यास प्रारंभ करणाऱ्यांविषयीचा हा पाठ आहे. मोठ्या वयात शरीर नवी गोष्ट कशी शिकते आणि त्यासाठी त्याला वेळ का द्यावा लागतो, हे या पाठातून कळेल.

पाठ

लहान मुलाला धावण्यास कोणी शिकवत नाही. ते अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून रस्त्यावर धावतच असते. पुढे नोकरी-धंदा मागे लागतो, संसाराचा व्याप वाढतो आणि धावणे सुटणारी बस पकडण्यापुरतेच उरते. मग एखाद्या दिवशी दोन जिने चढताच धाप लागते आणि माणसाला आपल्या शरीराची आठवण होते. धावावे, असे मनात येते. परंतु लगेच दुसरा विचार आडवा येतो, 'या वयात? लोक काय म्हणतील?'

प्रिसिला वेल्श या ब्रिटिश महिलेने या प्रश्नाला आपल्या कृतीने उत्तर दिले. १९४४ साली जन्मलेल्या प्रिसिला तरुणपणी धावपटू नव्हत्या. उलट, त्यांना सिगारेट ओढण्याची सवय होती. पस्तिशीच्या सुमारास पती डेव्ह यांच्या प्रोत्साहनाने त्या धावू लागल्या. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन प्रथमच घेण्यात आली. ४२.१९५ किलोमीटरच्या त्या शर्यतीत प्रिसिला सहाव्या आल्या. तेव्हा त्यांचे वय ३९ वर्षांचे होते. १९८७ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

प्रत्येकजण शर्यत जिंकेल, असे नाही. तशी गरजही नाही. मात्र तिशीनंतर शरीर शिकत नाही, हा समज खरा नाही, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मग अनेकांचे धावणे पहिल्याच आठवड्यात का थांबते? मोठा माणूस मैदानावर येतो, तो शाळेतील शर्यतीची आठवण घेऊन. तो पहिल्याच दिवशी वेगाने धावतो. दोन मिनिटांत श्वास फुलतो, दुसऱ्या दिवशी नडग्या ठणकतात आणि 'आपले वय झाले' असा निष्कर्ष काढून तो घरी बसतो. वास्तविक दोष वयाचा नसतो, वेगाचा असतो.

नियमित धावू लागल्यावर शरीरात हळूहळू बदल होतात. हृदय प्रत्येक ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. त्यामुळे काही आठवड्यांतच दम कमी लागतो. हाडे आणि कंडरा यांना मात्र बळकट होण्यास काही महिने लागतात. श्वास तयार झालेला असतो, पाय अद्याप तयार नसतात. आता जमू लागले, असे वाटते त्याच सुमारास अंतर एकदम वाढवले, तर दुखापत होते.

म्हणून आरंभ संथ असावा. एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे वीस मिनिटे करावे. हा क्रम एक दिवसाआड ठेवावा, कारण शरीराची डागडुजी विश्रांतीच्या काळात होते. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य आहे असे समजावे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

लोकांच्या नजरांचा प्रश्न उरतोच. साडी किंवा सलवार-कमीज घालून मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या स्त्रीकडे पहिले चार दिवस लोक वळून पाहतात. पाचव्या दिवशी त्यांना तिची सवय होते. काही दिवसांनी ती दिसली नाही, तर 'आज आल्या नाहीत का?' अशी तिची चौकशीही होते.

लहान मुलाचे अंग चपळ असते, हे खरे. परंतु मोठ्या माणसाजवळ धीर असतो. ज्याने महिन्याच्या महिन्याला हप्ते भरून कर्ज फेडले आहे, आजारी मुलाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्याला वाट पाहणे नवे नसते. धावण्यात हाच धीर कामी येतो. आज एक मिनिट, पुढील आठवड्यात दोन मिनिटे, असे करता करता एके सकाळी मैदानाची फेरी न थांबता पूर्ण होते. त्या फेरीला टाळ्या मिळत नाहीत. जिना चढताना मात्र फरक जाणवतो.

शब्दार्थ

धाप लागणे – दम लागणे, श्वास जोराने चालणे
नडगी – गुडघ्याखालचा पायाचा पुढचा भाग
कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारा बळकट तंतू
डागडुजी – दुरुस्ती

स्वाध्याय

१. 'दोष वयाचा नसतो, वेगाचा असतो', या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. दम कमी लागू लागल्यावरही अंतर एकदम का वाढवू नये?
३. तुम्ही मोठ्या वयात शिकलेल्या एखाद्या गोष्टीविषयी आठ-दहा ओळी लिहा.