दातांची तार कळकते का?



वाशिम, रिसोड, मंगरूळपीरकडच्या आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही आता वाकड्या दातांना तारा बसवून घेतात. आईबाप मजुरीच्या पैशातून हप्ते भरतात. मग तोंडात फोड आला की कोणीतरी म्हणते, "तार गंजली, विष पोटात चाललं, काढून टाका." उपचार अर्धवट राहतो आणि पैसाही जातो. म्हणून यातले खरे किती, ते आपण पाहू.

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. आंबटपणाने धातू सुटतो. तोंडातही थोडेफार तसेच होते. दातांवर चिकटवतात त्या पट्ट्या बहुधा स्टीलच्या असतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. काही लवचिक तारांत तर निम्मे निकेल असते. क्रोमियममुळे स्टीलवर केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर बसतो. हा थर म्हणजे स्टीलची कल्हईच. तो खरवडला तरी हवेतल्या प्राणवायूने पुन्हा तयार होतो. पण तारेखाली अन्न अडकून कीटण साचले की तिथे प्राणवायू पोहोचत नाही, जंतू आम्ल तयार करतात आणि धातू सुटू लागतो. वरचेवर थंड पेये प्यायल्याने यात भर पडते.

तरीही सुटणारे निकेल सहसा फार थोडे असते. डाळी, शेंगदाणे, चहा यांतून आपण रोज त्याहून जास्त निकेल खातो. त्यामुळे बहुतेकांना धोका नाही.

जपायचे ते निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी. नकली कानातले घातले की कान खाजतो, चिघळतो, पाणी येते, ते बहुधा निकेलमुळे. कान लहानपणीच टोचल्याने मुलींत हा त्रास जास्त दिसतो. युरोपीय संघाने १९९४ मध्ये अशा दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घातली. मुलीला असा त्रास असेल, तर तारा बसवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. सिरॅमिकच्या पट्ट्या आणि निकेल नसलेल्या तारा मिळतात. खर्च किती वाढेल, तेही आधीच विचारा.

तारा बसवल्यावर एवढे पाळा:

१. सकाळी आणि रात्री मऊ ब्रशने साध्या फ्लोराइड पेस्टने दात घासा. राख, कोळसा, मशेरी नको.
२. जेवल्यावर खळखळून चूळ भरा.
३. थंड पेये टाळा. खर्रा तर नकोच. सुपारीने पट्ट्या निघतात आणि तंबाखूने कर्करोग होतो.
४. तार टोचून फोड आला तर मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा आणि डॉक्टरांकडून मेण घेऊन टोचणाऱ्या जागी लावा. असा फोड घासण्याने येतो, विषाने नव्हे.
५. हिरड्या लाल होऊन सुजल्या, तोंडात आग होते, ओठांचे कोपरे फाटतात, अंगावर पुरळ येते आणि हे आठवडाभरात कमी होत नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

खाजगी खर्च झेपत नसेल, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. पण कोणाच्या सांगण्यावरून घरीच पक्कडीने तार काढू नका. दातावरचा थर निघाला, तर तो पुन्हा येत नाही.