ओएलईडीवर काच चिकटवताना

पॉलिमर ओएलईडीतले प्रकाश देणारे थर सगळे मिळून जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचे. हवेतली वाफ आत शिरली की कॅथोड खराब होतो आणि उजेडात काळे ठिपके पडतात. म्हणून वरून काच चिकटवतात. काचेतून वाफ जात नाही. ती येते कडेच्या गोंदातून. तेव्हा सगळी मेहनत कडेवर घ्यायची.

साहित्य : मध्ये खोलगट असलेली झाकण-काच, यूव्ही इपॉक्सी, कॅल्शियम ऑक्साइडची शोषक चकती, सिरिंज, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, अॅल्युमिनियम फॉइल.

१. कडा आधीच पुसा. स्पिन कोटिंगमध्ये थर खालच्या काचेच्या टोकापर्यंत पसरतो. पेडॉटचा (वीजवाहक पॉलिमरचा) थर ओला असतानाच पाण्यात भिजवलेल्या कापूसकाडीने कडेची पट्टी पुसा. प्रकाश देणाऱ्या पॉलिमरसाठी टोल्युइन वापरा. हे कॅथोड चढवण्यापूर्वीच उरका. पट्टी राहिली तर गोंद काचेला न धरता थराला धरतो आणि त्याच्यासकट सुटतो. शिवाय पेडॉट पाणी ओढून घेतो, ते वेगळेच.

२. झाकण-काच धुऊन ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर तापवा आणि गरम असतानाच ग्लोव्हबॉक्समध्ये घ्या. आतल्या नायट्रोजनमध्ये पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही दहा लाखांत एका भागाहून कमी हवेत.

३. खोलगट भागात चकती बसवा. ती कॅथोडला टेकता कामा नये.

४. झाकणाच्या कडेवर इपॉक्सीची सलग, बारीक रेघ ओढा. रेघेत बुडबुडा दिसला तर ती पुसून पुन्हा ओढा.

५. झाकण अलगद ठेवा. विजेच्या जोडणीची टोके बाहेर राहू द्या. जोराने दाबलेत तर कच्चा गोंद आत सरकून कॅथोडपर्यंत पोचतो.

६. मधला भाग फॉइलने झाका, यूव्ही चष्मा लावा आणि गोंदाच्या माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच वेळ दिवा द्या. पॉलिमरला यूव्ही सोसत नाही.

७. ओएलईडी पेटवून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्या. काही दिवसांनी पुन्हा घ्या आणि ताडून पाहा. कडेकडून काळोख आत सरकत असेल तर गोंदाची रेघ गळते आहे. मधले ठिपके आहेत तेवढेच राहिले असतील तर ते धुळीचे. जोड पक्का आहे.