बेडकाचा पियानो आणि चोवीसचे गणित



मधल्या सुट्टीत तुमच्या कार्टूनच्या गप्पा कानावर येतात. आज अशाच एका जुन्या कार्टूनमधून थोडे गणित शिकू या.

१९३० साली अमेरिकेत ‘फिडलस्टिक्स’ हा छोटा चित्रपट निघाला. त्याचा नायक फ्लिप नावाचा बेडूक. तो रंगमंचावर नाचतो आणि मग पियानोवर बसून व्हायोलिन वाजवणाऱ्या उंदराला साथ करतो. रंग आणि ध्वनी दोन्ही असलेल्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. तो काढणारे अब आयवर्क्स हे वॉल्ट डिस्ने यांचे जुने सहकारी. मिकी माऊसची पहिली चित्रे बहुतांशी त्यांच्याच हातची.

त्या वेळच्या फिल्मवर दोनच मूळ रंग उतरत. एक तांबूस, दुसरा हिरवट-निळा. हिरव्या बेडकाला ते पुरले! तीन रंगांचे तंत्र कार्टूनमध्ये १९३२ साली आले.

आता मुख्य प्रश्न. बेडकाचे बोट पट्टीवर पडते त्याच क्षणी सूर कसा ऐकू येतो? उत्तर मोजणीत आहे. बोलपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर सेकंदाला २ मात्रा, म्हणजे एका मात्रेला १२ चौकटी. आपल्या तीनतालाच्या १६ मात्रांना ८ सेकंद आणि १९२ चौकटी लागतील. एकेक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी ९६ चित्रे झाली. चित्रकाराला ताल कळला नाही, तर बेडूक बेताल होणार!

पालक व विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द. परीक्षा जवळ आली की संगीत-चित्रकलेचे तास गणिताला द्यावेत, अशी सूचना दरवर्षी येते. गेल्या वर्षी मी ती मान्य केली होती. ती माझी चूक होती. जी मुले फळ्यावरच्या अपूर्णांकांना घाबरतात, त्यांतलीच काही तबल्यावर दुगुण अचूक मोजतात. त्यांचा गणिताकडे जाणारा तो रस्ता मीच बंद केला. यंदा हे तास चालू राहतील. आपला पाठिंबा असावा.

मुलांनो, आता तुमचे काम. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल, तर एका मात्रेला किती चौकटी? उत्तर वहीत लिहा, आणि वहीच्या कोपऱ्यांवर २४ चित्रे काढून एक बेडूक उडवून दाखवा.