ओपिनेलचा चाकू अडकतो का?

प्रश्न : मुलीने फ्रान्सहून ओपिनेलचा आठ नंबरचा घडीचा चाकू आणला. दिसायला खेळण्यासारखा, आणि परवापासून उघडतानाही अडकतोय. ट्रेकला न्यावा का?

उत्तर : जरूर न्या. स्वस्त आहे, पण फसवा नाही. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये सॅव्हॉय प्रांतात शेतकऱ्यांसाठी हा चाकू घडवला. तिथे आजही तो खिशातच असतो. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, पातळ. टोमॅटो न चेंगरता कापतं, पण फांद्या तोडायला किंवा डबा उचकटायला ते नाही.

अडकण्याचं कारण लाकूड. मूठ बीचची, पावसाळी हवेत ती फुगते आणि पात्याची खाच आवळते. दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. घाई असेल तर मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं वर येतं. सॅव्हॉयची मंडळीही हेच करतात.

पातं उघडल्यावर गळ्याजवळची धातूची कडी फिरवायला विसरू नका. 1955 मध्ये आलेल्या या कडीमुळेच पातं बोटांवर मिटत नाही.

पात्यावर ‘कार्बोन’ (कार्बन स्टील) लिहिलं असेल, तर लिंबू-कांद्याने ते काळवंडेल, काळजी नको. गंज मात्र चढू देऊ नका, पुसून तेलाचं बोट फिरवा. कोकणात राहत असाल, तर पुढच्या वेळी ‘इनॉक्स’ (स्टेनलेस स्टील) मागवा.

विमानप्रवासात तो केबिन बॅगेत चालणार नाही, चेक-इनच्या सामानात ठेवा.